करवंदी लाल

माझा स्वभाव संशयी आहे. कुणी आपला रक्तगट सांगावा तसं हे मी सांगते. त्यात लाज नाही आणि अभिमानही नाही. लहानपणी आई पालघरच्या बाजारात पापलेटचे कल्ले उघडून, बघून मगच घ्यायची आणि घरी आल्यावर मी ते पुन्हा उघडून बघायचे. "ही स्वतःच्या वरातीत घोड्याचे दात मोजील," असं वडील म्हणत. अशा मुलीला नोकरीही तपासणीचीच मिळाली, म्हणजे दुधात साखर पडली.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत छिन्न्या, पंच आणि हातोडे बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात लागले होते. तयार मालातले नमुने उचलायचे, यंत्रावर दाबून त्यांचा कडकपणा मोजायचा, एखादा तुकडा मुद्दाम मोडून आतून बघायचा आणि पास-नापासचा शिक्का मारायचा, हे माझं काम. सगळ्या पुरुषांत मी एकटी बाई. शिक्का माझ्या हातात असल्यामुळे बहुतेक जण मला 'मॅडम' म्हणत. पाठ फिरली की आणखी काहीतरी म्हणत असणार, याची मला खात्री होती.

नातेवाइकांची वेगळीच तऱ्हा. 'तारापूरकडे भट्टीवर कामाला आहे' एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं आणि तारापूर म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच भट्टी यायची, अणूची. माझी एक मावशी तर आपल्या नातवाला माझ्या मांडीवर देईना. "किरणं अंगाला चिकटतात म्हणे," ती म्हणाली. मी तिला समजावलं, अगं, आमची भट्टी तेलावर चालते, लोहाराची असते तशीच, फक्त मोठी. आणि किरणंच म्हणशील तर तुझा तापलेला तवाही किरणं सोडतो. हात न लावता त्याची धग लागते ती कशाने? त्यावर मावशीने तव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाळाला घेऊन ती आतल्या खोलीत गेली. संशय आमच्या घराण्यातच आहे.

ती भट्टी कारखान्याच्या पार मागच्या टोकाला होती. तिच्या तिन्ही बाजूंनी गोणपाटं टांगलेली आणि तिथल्या एकुलत्या एका खिडकीच्या काचांना डांबर फासलेलं. बाहेर टळटळीत दुपार असली तरी आत दिवेलागण झालेली. ज्याला काही लपवायचं नाही तो माणूस गोणपाटं कशाला टांगेल, हे पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं.

गोणपाटांमागे भट्टीवाले काका असत. पन्नाशी ओलांडलेला, दातिवऱ्याचा माणूस. गावात त्यांची वडिलोपार्जित लहानशी लोहारकीची भट्टी होती. होड्यांचे नांगर, खिळे, मासे कापायचे कोयते घडवण्यात अर्धं आयुष्य गेलेलं. पुढे इकडे कारखाने आले तसे ते बोईसरला खोली घेऊन राहिले आणि सुटीच्या दिवशी तेवढे घरी जात. ते मला मॅडम म्हणत नसत. 'बाय' म्हणत, घरच्या लेकीला म्हणावं तसं. मला ते खटकायचं. गोड बोलणाऱ्यांवर तर माझी आधीपासूनच करडी नजर.

लोखंडाला पाणी देणं हे त्यांचं काम. छिन्नी भट्टीत लाल करायची, नेमक्या क्षणी काढायची आणि पाण्यात बुडवायची, की ती कडक होते. कमी तापली तर मऊ राहते आणि दगडावर धार वळते. जास्त तापली तर कडक होते खरी, पण आतला दाणा जाड होतो आणि घाव बसला की धारेचा टवका उडतो. सगळा खेळ त्या नेमक्या क्षणाचा, आणि तो क्षण रंगावरून ओळखायचा. भिंतीवर एक तापमापक होता, पण भट्टी पेटलेली असो की विझलेली, त्याचा काटा एकाच आकड्यावर उभा असे. कारखान्यात त्याच्याइतकं स्थिरचित्त कुणी नव्हतं. काका असताना काट्याची गरज काय, असं मालकांचं म्हणणं.

रंगावरून तापमान कळतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. कुठलीही वस्तू तापवत गेलं की आधी ती नुसती धग देते, दिसत काही नाही. मग काळपट लाल होते, मग लाल, नारिंगी, पिवळी आणि अखेर पांढरी. माणूस फार चिडला की आपण त्याला लालबुंद झाला म्हणतो. भट्टीच्या हिशेबात लाल म्हणजे राग नुकता कुठे यायला लागला आहे. आणि वस्तू कोणती याला फारसं महत्त्व नाही. लोखंड असो, वीट असो की सांडशी, सारख्याच तापल्या तर रंगही जवळपास सारखाच. परीक्षेत मी यावर पानभर लिहून चांगले गुण मिळवले होते. पण पुस्तकातला नियम वेगळा आणि सातवी शिकलेल्या माणसाने सांडशी उचलून "झालं" म्हणणं वेगळं. त्याच्या 'झालं'वर मी शिक्का का मारावा?

"तुम्हाला कसं कळतं?" असं मी एकदा त्यांना सरळच विचारलं.

त्यांनी मला भट्टीच्या तोंडासमोर, धग सोसेल इतक्या अंतरावर उभं केलं. "आत किती छिन्न्या दिसतात?"

मला सहा काळपट आकृत्या दिसल्या. थोड्या वेळाने त्या पुसट होत गेल्या आणि मग एकही दिसेना. विटा आणि लोखंड मिळून आत सगळा एकच उजेड.

"हरवल्या ना?" ते म्हणाले. "हरवल्या म्हंजे भट्टीच्या बरोबरीला आल्या. आता भट्टीचा रंग बगा. करवंद फोडलं की आत दिसतो तो लाल. तो हाय तवर पाणी द्यायचं. भोपळ्याच्या फोडीवर गेला की लोखंड बिगडलं."

माझ्या हँडबुकात त्या जागी 'चेरीचा लाल' असं लिहिलेलं होतं. चेरी मी पाहिली होती ती फक्त बेकरीतल्या केकवर, आणि ती म्हणजे रंगवून पाकात मुरवलेलं करवंदच असतं हे मला पुढे कित्येक वर्षांनी कळलं. त्या दिवशी मात्र मी माझ्या वहीत लिहिलं, 'प्रमाणित रंग माहीत नाहीत. फळांची नावं सांगतो.'

ही वही माझी खासगी. दोनशे पानी, खाकी कव्हराची, टेबलाच्या खणात कुलपात ठेवलेली. तिच्यात भट्टीवाल्या काकांना सबंध प्रकरण दिलेलं होतं. 'पाळी सुरू झाल्यावर दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसतो. कामाच्या वेळात झोप.' 'कुणी बिडीसाठी काडी ओढली की अंगावर धावून जातो. का?' 'आत येणाऱ्याला गोणपाट लगेच खाली सोडायला लावतो. आत काय आहे?' आत काय आहे ते बघायला मी दोनदा न सांगता शिरले. एक माठ, एक स्टूल आणि तंबाखूची डबी. काही सापडलं नाही, त्याअर्थी माणूस लपवण्यात पटाईत आहे, असा निष्कर्ष मी काढला. आज ती पानं वाचताना हसू येत नाही.

शेवटी मी मालकांकडे गेले. संशय बोलून दाखवला नाही. कामगारांच्या भल्याची भाषा केली. म्हटलं, माणूस अंधारात कोंडून घेऊन काम करतो, वारा नाही, उजेड नाही, उद्या चक्कर येऊन भट्टीवर पडला तर? हे खोटं नव्हतं. पण खरं कारण हे, की मला तो माणूस माझ्या टेबलावरून दिसायला हवा होता. उंटावरून शेळ्या हाकायला मला उंटाची पाठ मोकळी हवी होती. मालकांना मुद्दा पटला. एप्रिलमधल्या एका सुटीच्या दिवशी गोणपाटं उतरली, खिडकीचं डांबर खरवडून निघालं आणि भट्टीच्या बरोबर वरचे दोन पत्रे काढून तिथे पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे बसले. भट्टीच्या तोंडासमोर उन्हाचा मोठा चौकोन पडू लागला.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि ते माझ्या टेबलाशी आले.

"बाय, हे झाका. उजेडात लोखंड खोटं बोलतं."

"लोखंड बोलत नाही, काका. माणसं बोलतात," मी म्हणाले.

ते भट्टीकडे परत गेले. मला माझं वाक्य इतकं आवडलं होतं, की संध्याकाळी मी ते आईलाही ऐकवलं.

पंधरा दिवसांत माल बिघडायला लागला. कडकपणाच्या यंत्रावर सगळं ठीक यायचं, पण छिन्नी मोडून पाहिली की आत दाणा जाड, चमचमणारा, खडीसाखर फोडल्यावर दिसतो तसा. चांगल्या पाण्याची छिन्नी आतून राखाडी आणि मऊसूत दिसते. म्हणजे लोखंड प्रमाणाबाहेर तापत होतं. वीस वर्षं ज्याचा हात चुकला नाही, त्याचा आताच कसा चुकला? मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले आणि लवकरच मला एक विलक्षण गोष्ट सापडली. सकाळी दहा ते दुपारी चार, म्हणजे मी समोर बसलेली असताना काढलेला माल खराब. आणि संध्याकाळी पाच वाजता मी पालघरची गाडी धरायला निघून गेल्यावर काढलेला माल उत्तम!

याहून स्वच्छ पुरावा कोणता? गोणपाटं काढली म्हणून म्हातारा मला पाण्यात पाहत होता. माझ्या नाकासमोर माल बिघडवायचा आणि मी वळले की हात दाखवायचा. मी वहीत लिहिलं, 'खुन्नस.' त्याच पानावर आणखी एक नोंद आहे. 'हल्ली भट्टीत बघताना कपाळावर आडवा हात धरतो. कधी टोपी डोळ्यांवर ओढतो. नाटक.'

मे संपता संपता बातमी आली. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या वर्कशॉपमध्ये, नमुन्यांतून निसटून गेलेल्या आमच्याच एका छिन्नीचा टवका उडाला आणि तिथल्या कामगाराच्या गालात घुसला. डोळ्यापासून बोटभर खाली. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मला एकच सांगा. तो मुद्दाम करतोय का?"

काकांची नोकरी त्या क्षणी माझ्या जिभेवर होती, आणि नोकरीहून मोठं म्हणजे त्यांचं नाव. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून मला सुटायचं नाही. मी वही उघडली आणि तारखावार वाचून दाखवलं. झोप, काडी, खुन्नस, नाटक. मग मी म्हणाले, "हो. मुद्दाम करतात."

काकांना बोलावलं तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी स्वतःच्या बाजूने एकच वाक्य उच्चारलं. "मी तोच रंग बगून काढल्या. करवंदाचाच व्हता." मग विचारलं, "त्या पोराचा डोळा वाचला ना?" मालक म्हणाले, वाचला. दोन मिनिटांनी पुन्हा विचारलं, "नक्की वाचला?" दाराशी गेल्यावर तिसऱ्यांदा विचारलं. चोराच्या मनात चांदणं, असं मला वाटलं. स्वतःची सांडशी गोणपाटात गुंडाळून काखेत मारून ते फाटकाबाहेर पडले तेव्हा मी खिडकीत उभी होते. मला हलकं वाटलं होतं, हेही लिहून ठेवते.

त्यांच्या जागी नवा माणूस आला. उत्तर प्रदेशातला, वसाहतीतल्या दुसऱ्या एका कारखान्यात भट्टीवर मुरलेला. आणि माल लगेच सुधारला! जून गेला, जुलै गेला, मोडलेली प्रत्येक छिन्नी आतून मऊसूत. बाहेर दोन महिने आभाळ उघडलं नव्हतं. मालकांनी मला शाबासकी दिली. माझा संशय खरा ठरला म्हणून मी आईला बटाटेवडे करायला लावले.

श्रावणात ऊन पडायला लागलं आणि पहिल्याच कोरड्या आठवड्यात छिन्नीच्या पोटात खडीसाखर परत आली.

मी नव्या माणसाला धारेवर धरलं. तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, रंग तो बराबर था." भाषा वेगळी, वाक्य तेच. माझा स्वभाव असा, की पहिला विचार आला तो हा, की म्हाताऱ्याने याला फितवलं. दुसरा, लोखंड पुरवणारा भेसळ करतोय. दोन दिवस मी त्या दोन्ही संशयांवर काढले. तिसऱ्या दिवशी मात्र स्टूल घेऊन भट्टीसमोर, त्या उन्हाच्या चौकोनाशेजारी जाऊन बसले. म्हटलं, आता माझ्या डोळ्यांदेखत काढ.

भट्टीचं तोंड उघडं होतं. छिन्न्या हरवून गेल्या होत्या आणि आत काळपट लाल उजेड होता. "अभी कच्चा है," तो म्हणाला. मलाही कच्चाच दिसत होता. तेवढ्यात वर ढग आला. पायाशी पडलेला चौकोन पुसला गेला, आणि भट्टी पिकली. तेलाच्या नळाला कुणी हात लावला नव्हता, झडप कुणी हलवली नव्हती. पण करवंदाची जागा भोपळ्याने घेतली होती, नारिंगी, पिवळसर. "अरे, ये तो ज़्यादा हो गया!" तो दचकून उठला. ढग सरकला, ऊन पडलं आणि पुन्हा सगळं लाल, कच्चं. आम्ही दोघांनी एकदमच मान वर करून त्या पत्र्यांकडे पाहिलं.

मी एक छिन्नी सांडशीने काढायला लावली. उन्हाच्या चौकोनात ती काळपट दिसत होती. दोन पावलं बाजूला, भिंतीच्या सावलीत नेली तर भगभगत होती. दोन पावलांत लोखंड तापत नसतं, हे समजायला बी.एस्सी.ची गरज नाही. तापमान तेच, रंगही तोच. भोवतीच्या झगझगाटात आपल्या डोळ्याला तो विझलेला दिसतो. मग भट्टीवाला आणखी तापवतो, आणखी, त्याच्या ओळखीचा लाल दिसेपर्यंत. माझ्या पुस्तकातला नियम खरा होता. फक्त बघणारा कुठल्या उजेडात उभा आहे, हे त्या नियमात लिहिलेलं नव्हतं. ते काकांनी मला सांगितलं होतं, चार शब्दांत, माझ्या टेबलाशी येऊन.

मी टेबलावर परत आले आणि वही काढली. दहा ते चार खराब, कारण दहा ते चार ऊन माथ्यावर. पाचनंतर चांगला, कारण पत्रे सावलीत. दहा मिनिटं डोळे मिटून बसणं म्हणजे बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय करणं. काडी, गोणपाट, कपाळावरचा हात, सगळं एकच. वहीतली एकही नोंद खोटी नव्हती. प्रत्येक नोंदीपुढे मी लिहिलेला शब्द तेवढा खोटा होता. मी संडासात जाऊन रडले आणि तोंड धुऊन मालकांपुढे उभी राहिले. ते म्हणाले, "गुपचूप पत्रे बदलू. गेला तो गेला. बोभाटा केलात तर तुमच्याच अंगावर येईल." मी म्हटलं, येऊ दे. माझा अहवाल मी लेखी मागे घेतला आणि काकांना परत बोलवायचं कबूल करून घेतलं. त्यात मोठेपणा काही नाही. गालात तो टवका कुणामुळे घुसला होता, हे मला आता माहीत होतं.

सुटीच्या दिवशी मी सफाळ्याला उतरून एसटीने दातिवऱ्याला गेले. पिशवीत पाणी न दिलेली एक छिन्नी होती. काका ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. मला पाहून उठले, "बाय, या," म्हणाले, बायकोला पाणी आणायला सांगितलं. मागच्या पडवीत त्यांची भट्टी होती. राखेवर कोळ्याने जाळं विणलेलं होतं.

"पेटवत नाहीत," काकी म्हणाल्या. "गावातली माणसं कोयते घेऊन येतात, तशीच परत धाडतात. पालघरला डोळ्याच्या डाक्टरकडं जाऊन आले. डाक्टर सांगतो, वयाच्या मानानं नजर बेस हाय. यांना पटत नाय."

"नजर गेली माजी," काका खाली बघत म्हणाले. "त्या पोराचा डोळाच जायचा."

मी सगळं सांगितलं. पत्रे, ढग, सावलीतली छिन्नी, वही, केबिनमध्ये मी काय म्हणाले ते. माफी मागितली. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"उजेडाचं मी तुमाला पयल्या दिवशीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "रंग उतरवून बगायला पायजे, म्हंजे कच्चा दिसतो तवाच काढायला पायजे, ते बी कळत व्हतं. हात धरला, टोपी धरली. पन ऊन घडीघडीला पालटतं, किती उतरवायचा? मग तो टवका उडाला. मग वाटलं, उजेडाचं निमित्त हाय, नजरच गेली." आणि मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "खरं सांगता, बाय, का माजी समजूत काढता?"

मी छिन्नी पुढे केली. ते हात पुढे करीनात. शेवटी काकींनीच कोळसे टाकले आणि भात्याचा दांडा धरला. काका भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून बसले. दहा मिनिटं काकी भाता ओढत राहिल्या. मग उठून त्यांनी छिन्नी निखाऱ्यात सारली, बघत राहिले, काढली आणि पाण्यात बुडवली. थंड झाल्यावर शिगंजीत, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून हातोड्याच्या एका घावात मोडली. मोडलेल्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. तुकडा माझ्या हातात दिला.

"तुमी बगा."

दाणा इतका बारीक होता, की नुसतं राखाडी मखमल दिसत होतं. "बारीक आहे, काका. अगदी बारीक."

त्यांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला आणि बायकोच्या हातात दिला. "तू बग."

काकींनी तो दाराच्या उजेडाकडे धरला. "बारीक हाय," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे ते स्टुलावर बसले आणि पदराने पुसावेत तसे धोतराच्या टोकाने डोळे पुसू लागले. मी तिथेच उभी होते. जन्मभर मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. माझ्या शब्दावर कुणी ठेवला नाही तर कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

काका परत आले. पत्रे बदलले, खिडकीला डांबर लागलं, गोणपाटं मी स्वतः शिवून टांगली. त्यानंतर आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांच्या हातचा माल कधी नापास झाला नाही. पण एक गोष्ट नवी सुरू झाली. पूर्वी ते रंग बघून छिन्नी काढत आणि पुढच्या कामाला लागत; मोडून बघायची त्यांना गरज वाटत नसे. आता रोज सकाळी पहिली छिन्नी मोडून, तुकडा घेऊन ते गोणपाट सारून उजेडात येत, माझ्या टेबलाशी उभे राहत आणि विचारत, "बगा बाय, बारीक हाय का?"

"बारीक आहे, काका," मी म्हणत असे, आणि रोज ते खरंच असे. मी तुकड्याकडे बघत असताना ते मात्र तुकड्याकडे बघत नसत. माझ्या तोंडाकडे बघत राहत, आणि थोडा वेळ गेल्यावर मग परत जात.